या, सही करा, निघा : महापालिकेच्या शाळेत पालकांचं नेमकं काम काय?

२०२५ च्या जूनमध्ये भाषेवरून झालेला गदारोळ अजून सगळ्यांच्या लक्षात असेल. पहिलीपासून हिंदी शिकवायची की नाही यावर रोज चॅनेलांवर भांडणं, मोर्चाची तयारी, आणि शेवटी २९ जूनला सरकारनं शासन निर्णय मागे घेतले. त्या सगळ्या दिवसांत मी एका गोष्टीची वाट बघत होते. ज्यांची पोरं रोज सरकारी शाळेची पायरी चढतात, त्यांच्या आयांना कुणी काही विचारतंय का? माझ्या कानावर तरी तसं काही आलं नाही. गंमत म्हणजे आईबापांना विचारायची सोय कायद्यात २०१० पासून आहे. बहुतेकांना ती ठाऊक नाही, एवढंच.

माझा मुलगा महापालिकेच्या शाळेत शिकला आणि चार वर्षं मी त्या शाळेच्या समितीवर होते. शाळा धारावीच्या कडेला. तिथं जे पाहिलं आणि त्यानंतर जे वाचून समजून घेतलं, ते शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगते.

एक इमारत, चार शाळा

मुंबई महापालिका आठ भाषांमधून शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. देशात दुसरीकडे एकाच स्थानिक संस्थेनं एवढ्या माध्यमांचा संसार मांडलेला सहसा दिसत नाही. पण बाहेरून एक दिसणारी शाळा आत एक नसते. आमच्या इमारतीत तळमजला मराठीचा, पहिला मजला हिंदीचा, दुसऱ्यावर उर्दू आणि तमिळ. प्रत्येक माध्यम म्हणजे वेगळी शाळा, वेगळे मुख्याध्यापक, वेगळा हजेरीपट आणि वेगळी समिती. फाटक मात्र एक, मैदान एक, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची तुटलेली कडीही एकच. त्या कडीकडे शेवटी परत येऊ.

बरं, माध्यमाचं नाव एक असलं म्हणून घरची भाषा एक असते असंही नाही. हिंदी माध्यमातल्या पोराच्या घरी भोजपुरी, अवधी किंवा मैथिली. मराठी माध्यमातल्या एखाद्या मुलीच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली. म्हणजे शाळा ज्या भाषेला 'मातृभाषा' म्हणून शिकवते, ती पुष्कळ आयांना पाहुण्यांच्या भाषेसारखी असते. समजते, पण तीत भांडता येत नाही. आणि शाळेशी कधीतरी भांडावं लागतंच.

ही समिती म्हणजे काय?

'शाळा व्यवस्थापन समिती' हे तिचं पूर्ण नाव. बोलताना सगळे एसएमसीच म्हणतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या २१ व्या कलमात ही समिती आहे. सोसायटीत राहणाऱ्यांना चटकन समजेल. बिल्डिंगला मॅनेजिंग कमिटी असते तशी शाळेला ही. फरक एवढाच की इथं किमान ७५ टक्के सदस्य पालकच असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. उरलेल्या जागांवर शिक्षक, स्थानिक लोकप्रतिनिधी, परिसरातली शिक्षणातली जाणकार व्यक्ती. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच होतो आणि मुख्याध्यापक सचिव. सचिव म्हणजे कागद सांभाळणारा, मालक नव्हे. हे बऱ्याच शाळांत दोन्ही बाजूंच्या ध्यानात नसतं.

समितीची कामं तीन. शाळा कशी चालते यावर लक्ष ठेवायचं, आलेल्या अनुदानाचा पैसा कुठे गेला ते बघायचं, आणि शाळा विकास आराखडा करायचा. आराखडा म्हणजे पुढच्या काही वर्षांत शाळेला काय काय लागणार त्याची यादी. घरात दिवाळीआधी करतो तशी: रंग काढायचा, गॅसची शेगडी बदलायची, धाकट्याला चष्मा.

पैसा किती? समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे वार्षिक संयुक्त अनुदान मिळतं. अडीचशेच्या वर ते हजार मुलांपर्यंतच्या शाळेला ७५ हजार रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. साडेसात हजार झाले. आकडा लक्षात असू द्या.

एक बारीक गोष्ट कायद्यात दडलेली आहे. वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना समितीत त्यांच्या प्रमाणात जागा द्यायच्या, असं २१ वं कलम म्हणतं. वंचित कोण, याच्या व्याख्येत जात, जमात, आर्थिक, भौगोलिक कारणांच्या रांगेत 'भाषिक' हाही शब्द आहे. पण तसा गट सरकारनं अधिसूचनेनं ठरवावा लागतो. त्यामुळे व्यवहारात भाषेचा हिशोब कुणी मांडत नाही. ज्या गटाची माणसं मोठ्या आवाजात बोलतात त्यांच्याकडे जागा जातात. बायकांच्या जागेचंही तसंच. यादीत नाव बाईचं, सभेत बोलायला नवरा. सरपंचपती हा प्रकार फक्त गावात असतो असं शहरातल्यांनी समजू नये.

पालक येतच नाहीत हो!

शिक्षकांच्या खोलीत सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य हेच. पहिल्या वर्षी मीही मान डोलवायचे. मग एकदा सभेची वेळ बघितली: बुधवार, सकाळी अकरा.

बुधवारी अकरा वाजता कोण कुठे असतं बघा. पहाटे तीनला उठून इडल्या लावणारी तमिळ बाई नुकती विकून परतलेली असते; तिला उद्याचे तांदूळ-उडीद भिजत घालायचे असतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईची दोन घरं अजून बाकी. नाक्यावर उभा राहणारा बाप आठलाच कामावर गेलेला. जरीच्या कारखान्यात नगावर पैसे, उठलं की तेवढे गेले. अकरा वाजता मोकळं असतं ते फक्त शाळेचं ऑफिस.

दुसरी अडचण निमंत्रणाची. आमच्या फळ्यावरची सूचना मी वहीत उतरवून ठेवली होती: 'सर्व पालकांस सूचित करण्यात येते की, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुनर्रचनेसंदर्भात सभेचे आयोजन करण्यात आले असून आपली उपस्थिती अनिवार्य आहे.' मी मराठी, दहावी पास, आणि 'अनिवार्य' वाचून मलाच वाटलं की दंडबिंड आहे की काय. पुढच्या खेपेला आम्ही चार बायकांनी ती नव्यानं लिहिली: 'शनिवारी संध्याकाळी साडेसहाला शाळेत या. शाळेच्या पैशांवर लक्ष ठेवायला तुमच्यातल्या काही जणांना निवडायचंय. लहान मूल असेल तर घेऊन या.' मग एकीनं ती तमिळमध्ये, एकीनं भोजपुरीत, एकीनं तिच्या घरच्या उर्दूत बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. लिहिलेलं वाचता न येणाऱ्या बाईलाही शेजारणीचा आवाज ओळखता येतो. त्या शनिवारी बाकं कमी पडली. शाळेच्या इतिहासात क्रांती वगैरे झाली नाही. पुढच्या महिन्यात आकडा पुन्हा निम्म्यावर आला. पण निम्मा म्हणजेही आधीच्या तिप्पट.

तिसरी अडचण जास्त खोल आहे. शाळेचा फोन आला की गरीब घरात धस्स होतं. एक तर पोरानं काहीतरी केलं, नाहीतर आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक यातलं काहीतरी अडलं. वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखं नातं: बोलावणं आलं म्हणजे बाकी मागणार. 'तुमच्या मुलीनं आज गोष्ट छान सांगितली' असं सांगायला शाळेनं कधी फोन केलाय? केला तर पुढची तक्रार ऐकून घेण्याइतकी पत खात्यावर जमा होते.

भाषेच्या अडचणीवर शाळांनी शोधलेला सोपा उपाय म्हणजे मुलालाच दुभाष्या करायचं. तो उपाय कसा चालतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बाई म्हणाल्या, 'सांग आईला, तू रोज मारामाऱ्या करतोस आणि गृहपाठ करत नाहीस.' पोरानं आईकडे वळून तमिळमध्ये दोन वाक्यं टाकली. आईचा चेहरा फुलला, तिनं बाईंना हात जोडले. मागे बसलेली दुसरी तमिळ आई तोंडाला पदर लावून हसत होती. पोरानं सांगितलं होतं की बाई त्याच्यावर खूश आहेत. एकदा ठीक आहे. पण अपंगत्वाचा दाखला, वयात येणं, घरातली मारहाण अशा विषयांत लेकराला मध्ये उभं करणं हा अन्यायच आहे. त्याच वस्तीतली, दोन्ही भाषा येणारी मोठी बाई शोधायला फार तर एक दुपार लागते.

अडाणी पालक काय सांगणार?

हा आक्षेप कुणी तोंडानं बोलून दाखवत नाही, पण वागण्यात असतो. पालकांनी 'सहकार्य करावं' म्हणजे गप्प बसावं.

याला उत्तर अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या टुसान शहरातून आलं. तिथल्या शाळांत मेक्सिकन कामगारांची मुलं बरीच. १९९० च्या सुमाराला लुईस मोल हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना या घरांत पाठवलं. समुपदेशन करायला नाही, नुसतं शिकून यायला. घरात कोण काय करतं, कुणाला काय येतं ते विचारायचं. शेती, गुरं, बांधकाम, वनौषधी, सीमेपलीकडचा व्यापार असं कितीतरी बाहेर आलं. एक मुलगा मेक्सिकन मिठाई विकतो हे एका शिक्षिकेला कळलं. तिनं त्यावर अख्खा पाठ उभा केला आणि एका पालक बाईला मिठाई करून दाखवायला वर्गात बोलावलं. घराघरांतल्या या कमावलेल्या माहितीला अभ्यासकांनी 'ज्ञानाचा साठा' म्हटलं. मला आपला शिदोरी हा शब्द बरा वाटतो. पोर घरून शिदोरी घेऊन येतं. शाळा ती फाटकावर काढून ठेवायला लावते.

आमच्या हिंदी माध्यमात कुंभारवाड्यातली काही मुलं होती. सौराष्ट्रातून आलेल्या गुजराती कुंभारांची ही वस्ती, दिवाळीच्या पणत्यांसाठी मुंबईभर प्रसिद्ध. पाचवीच्या बाईंना शेकडेवारी शिकवायची होती आणि वर्गाचं डोकं चालत नव्हतं. त्यांनी एका मुलाच्या आजोबांना बोलावलं. आजोबांनी ओल्या मातीची पणती आणि भाजलेली पणती शेजारीशेजारी ठेवली. दोन्ही एकाच साच्यातल्या, तरी भाजलेली लहान. मग पोरांनी पट्टीनं व्यास मोजले. पाणी गेलं की किती टक्के आक्रसते? गिऱ्हाईकाला तीन इंची पणती हवी तर ओली किती इंचाची करायची? आजोबांना टक्के हा शब्द वापरायची सवय नव्हती. उत्तर मात्र ते बोटांनी दाखवत होते आणि ते बरोबर येत होतं. त्या दिवसानंतर आजोबा फाटकाबाहेर बिडी ओढत उभे राहायचे बंद झाले. सरळ आत यायचे.

एक सावधगिरी सांगते, कारण यात लवकर नाटकीपणा येतो. 'विविधतेत एकता' म्हणून वर्षातून एकदा पोरांना लुंगी, नऊवारी, शेरवानी घालून मंचावर उभं करणं म्हणजे हे नव्हे. फोटो छान येतात. पण तमिळ पोराचं रोजचं जगणं लुंगीत नसतं, इडलीच्या पातेल्यात असतं.

समित्या कागदावरच असतात ना?

असतात. बऱ्याच. आणि हा आक्षेप सर्वांत दमदार आहे.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमाराला याची चाचणीच झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, रुक्मिणी बॅनर्जी आणि इतर अभ्यासक, सोबत 'प्रथम' ही संस्था. 'प्रथम' मूळची मुंबईची. १९९५ साली इथल्याच वस्त्यांमधून, मिळेल त्या खोलीत बालवाड्या भरवत तिची सुरुवात झाली. जौनपूरमध्ये तेव्हा गाव शिक्षण समित्या होत्या. पाहणीत दिसलं की दहातल्या नऊहून अधिक पालकांना आपल्या गावात अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हतं. याहून कहर म्हणजे सुमारे चतुर्थांश सदस्यांना आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता!

मग तीन प्रकार करून पाहिले. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावले. काही गावांत त्याशिवाय मुलांचं वाचन कसं तपासायचं तेही लोकांना शिकवलं. आणि काही गावांत आणखी एक पाऊल पुढे: गावातल्याच स्वयंसेवकांना वाचन शिकवायचं तंत्र देऊन शाळेबाहेर वर्ग चालवायला सांगितलं. पहिल्या दोन प्रकारांनी शाळेत काहीही हललं नाही. तिसऱ्यात वर्गाला आलेली मुलं वाचायला लागली.

याचा अर्थ समिती निरर्थक, असा काही जण काढतात. मी तसा काढत नाही. लोकांना 'तुम्हाला अधिकार आहे' एवढंच सांगितलं तर ते घरी जातात. हाताला नेमकं काम दिलं तर थांबतात. सोसायटीच्या एजीएमला कोरम कधी भरतो? पाण्याचा टँकर बंद झाल्यावर.

महाराष्ट्रात २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' नावाचे शाळापूर्व तयारी मेळावे होतात. त्यात मातांचे गट करतात आणि प्रत्येकीला घरी करायच्या लहान लहान कृती देतात: भाज्या मोजायला लावणं, डाळ-तांदूळ वेगळे करायला देणं, गोष्ट सांगणं. यात आईला साक्षर असण्याची गरज नाही आणि कुठल्याही भाषेत चालतं. सरकारी उपक्रमांबद्दल मी सहसा एवढं चांगलं बोलत नाही.

मग मराठीचं काय?

एवढ्या भाषांचे लाड करायचे तर मुंबईत मराठी कोण शिकणार, असं माझ्याच नातेवाइकांनी मला विचारलंय. प्रश्न रास्त आहे. मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडत चाललेत याचं मलाही दुःख होतं.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवायला हव्यात. मुलांनी मराठी शिकणं हा एक विषय. ते २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत सक्तीचं आहे आणि असावंच. आईशी शाळेनं कोणत्या भाषेत बोलावं हा दुसरा. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं राज्यघटनेचं ३५०-अ कलम राज्यांना आणि स्थानिक संस्थांना सांगतं. आईची भाषा बोललो म्हणून आपली मराठी हरवत नाही. माझा अनुभव तर उलटाच आहे. सभेत आपल्या बोलीत निरोप मिळालेल्या बायकांनीच पुढे विचारलं, 'आम्हाला पण मराठी शिकवा ना, रेशनच्या दुकानातली पाटी वाचायचीय.' बालभारतीचं पहिलीचं पुस्तक घेऊन शनिवारी तासभर बसायचो. शिकवणारी मी, आणि माझे 'ळ' सुधारणारी तमिळ बाई. त्यांच्याकडे तो आहेच, माझ्याहून खणखणीत.

आणि हे सगळं शिक्षकांनीच करायचं?

नाही. निवडणूक, जनगणना, आपत्ती ही कामं शिक्षकांना देता येतात, असं शिक्षण हक्काच्या कायद्यातच आहे. त्याखेरीज खिचडीचा हिशोब आणि रोजची ऑनलाइन माहिती भरणं. त्यांनी वर दारोदार फिरावं, हे म्हणणाऱ्यानं आधी एक आठवडा शाळेत बसून दाखवावं. घरभेटी करायच्या तर त्या कामाच्या वेळेत धराव्यात, वर्षाला दोन-चारच पण नीट. निरोप पोचवणं, दुभाषा शोधणं, बाहेरून माणूस बोलावणं हे पालकच जास्त बरं करतात.

लोकप्रतिनिधी मदतीला येतील म्हणावं, तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबईत बराच काळ नगरसेवकच नव्हते. समितीतली ती खुर्ची तेव्हा रिकामीच होती.

तुमचं मूल अशा शाळेत असेल तर एवढं करून बघा. ऑफिसात जा आणि समितीची सदस्य यादी आणि मागच्या सभेचं इतिवृत्त, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची नोंद, वाचायला मागा. एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी जा. आवाज चढवायचा नाही. यादीतल्या एखाद्या बाईला तिचं नाव तिथं आहे हे तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळेल, त्याची तयारी ठेवा.

आता ती कडी

मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी तुटून दीड वर्ष झालं होतं. मुली जोडीनं जायच्या, एक बाहेर दार धरून उभी. काही मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. चारही समित्यांच्या इतिवृत्तात ती कडी होती आणि चारही ठिकाणी शेरा एकच: सामायिक बाब, वरिष्ठांना कळवावे. साडेसात हजारांची तरतूद, कडी ऐंशी रुपयांची, आणि ती कुणाचीच नव्हती.

शेवटी चारही समित्यांतल्या आम्ही सहा-सात जणी एका शनिवारी पहिल्या मजल्याच्या जिन्यात बसलो. सभेची खोली कुठल्या मजल्यावरची घ्यायची यावर एकमत होईना, म्हणून जिना. उर्दू माध्यमातल्या एका मुलीचे वडील फॅब्रिकेशनचं काम करतात असं निघालं. ते सोमवारी ड्रिल घेऊन आले, वीस मिनिटांत कडी बसली, आणि दाराची बिजागरीही त्यांनी न सांगता बदलली. पैसे घेईनात. बिल नसेल तर नोंद कशी करायची म्हणून मुख्याध्यापक अडले. मग बळेच बिल घेतलं, एकशे साठ रुपयांचं, आणि ते चौघांत वाटून चाळीस-चाळीस रुपये चार वेगवेगळ्या वह्यांत चार भाषांमध्ये लिहिले गेले.